करंट की पेट्रोल

चालती मोटार अचानक बंद पडते आणि पुन्हा चालू होत नाही, तेव्हा पेट्रोल इंजिनाला तीनपैकी एक गोष्ट मिळालेली नसते: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी, किंवा सिलिंडरातला पुरेसा दाब. दाब सहसा महिनोन्‌महिने कमी होत जातो. टायमिंग बेल्ट तुटण्यासारखा अपवाद सोडला तर तो एका क्षणात जात नाही. म्हणून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीपुढे मिस्त्रीला पडणारा प्रश्न दोन शब्दांत मावतो: करंट की पेट्रोल? हे दोन शब्द जवळजवळ शंभर वर्षे टिकून आहेत. उत्तर शोधताना हात मात्र काळानुसार वेगवेगळ्या ठिकाणी जात राहिला आहे, आणि त्या बदलाचा इतिहास हा एका धंद्याचाच इतिहास आहे.

तो समजून घ्यायला गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा हे तालुक्याचे गाव सोयीचे आहे. तिरोडा मोठ्या रस्त्यावर वसलेले नाही. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड भंडारा, साकोली, देवरी असा दक्षिणेकडून जातो. तिरोडा त्याच्या उत्तरेला, तुमसर आणि गोंदियाच्या मध्ये, वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. नागपूर शंभर किलोमीटरच्या पलीकडे आणि गोंदिया सुमारे तीस किलोमीटरवर. कंपनीचे अधिकृत वर्कशॉप हाताशी नसलेल्या अशा गावात बंद पडलेली गाडी तिथेच तपासावी लागते आणि असेल त्या सामानात चालू करावी लागते. शिवाय उन्हाळा, पाऊस आणि धानाची धूळ ही इंजिनाची तिन्ही दुखणी इथे एकाच वर्षात भरपूर वाट्याला येतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पावसाळ्यात नाले रपट्यांवरून वाहतात.

या भागात मोटारीच्या कितीतरी आधी आगगाडी आली. नागपूर ते राजनांदगाव ही मीटरगेज लाइन १८८२ पर्यंत पूर्ण झाली होती. पुढे बंगाल नागपूर रेल्वेने ती ब्रॉडगेज केली आणि १८९१ मध्ये नागपूर थेट आसनसोलशी जोडले गेले. तिरोडा याच मुख्य मार्गावरचे स्टेशन. ब्रिटिश काळात भंडारा जिल्ह्याच्या भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीन तहसिली होत्या, त्यामुळे कचेरी आणि स्टेशन यांच्यामुळे गावाला वजन आले. स्टेशनापासून खेड्यापर्यंतचा प्रवास मात्र बैलगाडीचा होता. माल खासरातून जाई, माणसे रेंगीतून. या गाड्यांचीही दुरुस्ती वाटेतच होई. आरा मोडला की सुतार, धाव सैल झाली की लोहार. वाहन जिथे थांबले तिथेच ते पुन्हा चालते करायचे, हा शिरस्ता झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगल-धानपट्ट्यात, मोटारीच्या आधीपासूनचा आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मध्य प्रांतात खासगी मोटारी आणि भाड्याच्या लॉऱ्या वाढल्या. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना ठिणगी मॅग्नेटोपासून मिळे. बॉश कंपनीने १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो बाजारात आणला होता. चुंबकाच्या आत फिरणाऱ्या गुंडाळीतून वीज तयार होई आणि त्यासाठी बॅटरी लागत नसे. मोठा फायदा होता खरा, पण एक अडचणही होती. इंजिन पुरेशा वेगाने फिरवल्याशिवाय मॅग्नेटो ठिणगी देत नसे, आणि ते फिरवायचे हाताने, म्हणजे पुढच्या बाजूने हँडल घालून. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत आला आणि हळूहळू सगळीकडे पसरला. तरीही आडगावातल्या गाड्यांना हँडलची साथ पुढे कित्येक वर्षे लागली.

हँडल मारणे हे अंगबळाइतकेच जपून करायचे काम होते. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरते आणि हँडल हाताला झटका देते. त्यात मनगट मोडे, अंगठा निखळे. म्हणून हँडल धरताना अंगठा दांड्याला वळसा घालून ठेवायचा नाही, तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि हँडल खालून वर ओढायचे, हे नवख्याला आधी शिकवले जाई. स्टिअरिंगजवळची ठिणगीची दांडी मागे घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल अशी करून, मगच हँडल मारायचे. बंद गाडीची पहिली तपासणीही हँडलनेच होई. दाब शाबूत असेल तर प्रत्येक सिलिंडराच्या वेळी हाताला अडथळा जाणवतो. चारपैकी एका वेळी हँडल सहज फिरले, तर त्या सिलिंडराचा व्हॉल्व्ह किंवा रिंग गेलेली. आज दाब मोजायला मीटर लावतात. तेव्हा ते काम मनगट करीत असे.

पेट्रोल पोचवण्याची सोयही साधी होती. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पंपच नव्हता. टाकी सीटखाली, कार्बोरेटर तिच्यापेक्षा खाली, आणि पेट्रोल आपल्या वजनाने उतरे. टाकी कमी भरलेली असताना चढण लागली की इंजिनाकडचा भाग उंच होई, पेट्रोल थांबे आणि गाडी बंद पडे. म्हणून चढण रिव्हर्समध्ये चढवण्याची युक्ती जगभरच्या चालकांनी शोधली. बिघाडाचे कारण कधी कधी रस्त्याच्या उतारात असते, हे त्या गाडीने शिकवले.

रस्त्यांचा प्रश्न त्या काळात सरकारपुढेही होता. बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्तेविकास समिती १९२७ मध्ये नेमली गेली आणि तिच्या अहवालानंतर केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली. तिथे ठरलेला आराखडा 'नागपूर योजना' म्हणून ओळखला जातो. लागवडीखालच्या विकसित भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. ज्या प्रांताच्या राजधानीत हे ठरले, त्याच प्रांतातल्या धानपट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने कच्चे रस्ते चिखलाने बंद पडत. त्यामुळे मोटारीचा हंगाम आणि धानाच्या मळणीनंतरचा कोरडा हंगाम एकच होता.

नागपूर योजना आखली जात होती तेव्हा गाड्यांच्या टाक्या मात्र रिकाम्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर आल्या. बसच्या मागे किंवा बाजूला उभे नळकांडे बसवत. त्यात लाकडी कोळसा पेटवून हवा बेताने दिली की कोळसा पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो गॅस गाळून, थंड करून इंजिनात सोडत. जंगलाच्या मुलखात कोळशाला तोटा नव्हता. पण पेट्रोलच्या मानाने इंजिनाचा जोर बराच घटे, आणि बंद पडण्याची कारणे एकदम वाढली. गाळणी काजळीने चोंदे, राख वितळून तळाशी खडे धरत, पाइपाच्या एखाद्या सांध्यातून हवा आत शिरली की गॅस पातळ होई. सकाळी गाडी काढायची तर आधी भात्याने किंवा पंख्याने विस्तव फुलवावा लागे. चांगला गॅस येतो की नाही हे पाहण्यासाठी तपासणीच्या नळीपाशी काडी धरत. ज्योत स्थिर जळली की इंजिन जोडायचे. ही तपासणी उघड्यावरच करावी लागे, कारण या गॅसला वास नसतो आणि बंद जागेत तो जीव घेतो. महायुद्धानंतर पेट्रोल मिळू लागले तशा कोळशाच्या गाड्या लवकरच दिसेनाशा झाल्या. मात्र इंधनाच्या वाटेवर हवा कुठून शिरते हे शोधत जाण्याची सवय या गाड्यांनी लावली आणि पुढे डिझेलच्या काळात तीच कामी आली.

स्वातंत्र्यानंतर तीस-पस्तीस वर्षे भारतीय रस्त्यांवर मोजक्याच गाड्या होत्या. महिंद्राने १९४७ पासून विलिज जीप जोडायला सुरुवात केली. हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसिडर १९५७ पासून आली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट पुढे पद्मिनी या नावाने विकली गेली. टाटा-मर्सिडीज ट्रक १९५४ पासून बनू लागले. बंगळुरूच्या मायकोने प्लग आणि डिझेल पंप दिले, तर लुकास-टीव्हीएसने डायनॅमो, स्टार्टर आणि डिस्ट्रिब्युटर. गाड्यांचे प्रकार इतके थोडे होते की एका मिस्त्रीला ते सगळे तोंडपाठ होऊ शकत. इंचाचे पाने अ‍ॅम्बेसिडर आणि जीपला, मिलिमीटरचे पाने फियाटला. पेटीत दोन्ही संच असले की तालुक्यातली कोणतीही गाडी उघडता येई. मोटार मेकॅनिकच्या धंद्याचा हा ऐन बहराचा काळ, आणि रस्त्यावरची तपासणी तिच्या पक्क्या क्रमाला पोचली ती याच काळात.

सगळ्या पेट्रोल गाड्यांत तेव्हा केटरिंग पद्धतीचे इग्निशन होते. बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट कॉइलच्या जाड गुंडाळीतून जातो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो आणि बारीक गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका उठतो. रोटर तो झटका पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे पाठवतो. पॉइंट उघडताना त्यांच्यात पडणारी आग जवळचा कंडेन्सर शोषून घेतो. या साखळीत काम करणारे सगळे भाग डोळ्यांना दिसतात आणि बोटांनी हलवता येतात. पॉइंटमधली फट सुमारे १५ थाऊ, म्हणजे एका इंचाच्या हजार भागांपैकी पंधरा भाग. ती फिलर गेजने मोजायची, आणि पॉइंट जळून खडबडीत झाले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासायचे.

तपासणी करंटपासून सुरू होई, कारण करंट एका मिनिटात कळतो. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधल्या भोकातून कॉइलची जाड वायर उपसायची, तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून अर्ध्या सेंटिमीटरवर धरायचे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी पडली तर कॉइलपर्यंत सगळे ठीक. आता कॅप, रोटर आणि प्लग पाहायचे. पिवळट, अशक्त ठिणगी पडली तर संशय कंडेन्सरवर. ठिणगीच नसेल तर टेस्ट लॅम्प घेऊन उलट्या दिशेने जायचे: कॉइलवर करंट येतो का, पॉइंट उघड-मीट होताना दिवा लुकलुकतो का. लुकलुकला तर पॉइंट ठीक, बिघाड कॉइलच्या पोटात.

करंट शाबूत निघाला की पेट्रोल. कार्बोरेटरला येणारा पाइप ढिला करून सेल्फ मारायचा. पिचकारी उडाली तर पंप चालू आहे, मग जेट चोंदली असेल किंवा निडल अडकली असेल. जेट तोंडाने फुंकून साफ करायची, तिच्यात तार घालायची नाही. तारेने भोक मोठे होते आणि गाडी कायमची जादा पेट्रोल पिऊ लागते. पिचकारी उडालीच नाही तर पंप, फिल्टर, टाकी. इंजिनच्या अंगाला बसवलेल्या डायफ्रामच्या पंपाला सगळीकडे एसी पंप म्हणत. ते एसी कंपनीच्या नावावरून पडलेले नाव, थंडाव्याशी त्याचा काही संबंध नाही. डायफ्राम फाटला की पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. गेजची काडी काढून तिचा वास घेतला की हे समजे.

शेवटचा साक्षीदार म्हणजे प्लग. काढलेला प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे पण जळत नाही, एक तर ठिणगी नाही किंवा चोक जास्त वेळ ओढून गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. कोरडा असेल तर पेट्रोलच आलेले नाही. काळीभोर काजळी, पांढरट राख, तेलकट थर या प्रत्येकाचा अर्थ वेगळा. प्लगच्या तोंडाकडे पाहून इंजिनची प्रकृती सांगणारा मिस्त्री नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्यासारखा मानला जाई, आणि तो मान त्याने खरोखर कमावलेला असे.

सगळ्यात अवघड दुखणे उन्हाळ्यातले. वैशाखात दुपारी तुमसर-गोंदिया रस्त्यावर अ‍ॅम्बेसिडर चाळीस किलोमीटर नीट चालते, मग गचके खाते आणि बंद पडते. सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही. तासभर झाडाखाली थांबले की काहीच न झाल्यासारखी चालू होते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी गार झालेली असते आणि दोष सापडत नाही. गरम झाली की बंद, गार झाली की चालू, या एकाच लक्षणामागे तीन निरनिराळे आजार लपू शकतात. पहिला व्हेपर लॉक: तापलेल्या इंजिनाला चिकटलेल्या पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ दाबत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. दुसरा कॉइल: आतली गुंडाळी तापून प्रसरण पावते आणि कुठेतरी सुटते, गार झाली की पुन्हा टेकते. तिसरा टाकीचे झाकण: हवा आत येण्याचे बारीक छिद्र धुळीने बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. काही वेळाने हवा झिरपून आत आली की गाडी पुन्हा चालते. मळणीच्या दिवसांत कोंडा आणि धूळ उडणाऱ्या प्रदेशात हा तिसरा आजार मुळीच दुर्मीळ नव्हता.

तिघांना वेगळे करायचे तर गाडी गार होण्याआधीच तपासावी लागते. जुन्या तपासणीतले हे सर्वांत मोलाचे सूत्र म्हटले पाहिजे. गाडी थांबताक्षणी आधी टाकीचे झाकण उघडायचे. हवा आत शिरल्याचा 'फुस्स' आवाज आला तर दोष झाकणाचा. नाही आला तर लगेच ठिणगी पाहायची. ठिणगी नसेल तर कॉइल, असेल तर व्हेपर लॉक. व्हेपर लॉकवरचा उपाय सगळ्या देशाला ठाऊक होता: पाण्यात भिजवलेला फडका पंपाला गुंडाळायचा. उन्हाळ्यात पुष्कळ अ‍ॅम्बेसिडर पंपावर कायमचा फडका बांधूनच धावत आणि चालक दर मुक्कामी त्यावर पाणी ओतत. फडक्यातले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने.

पावसाळ्यात बाजू उलटे. या पट्ट्यात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. नाल्यांवर उंच पुलांऐवजी ठेंगणे रपटे होते, आणि कित्येक ठिकाणी आजही आहेत. वाहत्या पाण्यातून गाडी काढताना रेडिएटरचा पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्युटरवर टाकी. कॅपच्या आत ओल धरली की झटका प्लगकडे जायच्या ऐवजी ओलीवरून लोखंडात उतरतो आणि गाडी भर पाण्यात बंद पडते. जाणते चालक रपट्याआधी थांबून पंख्याचा पट्टाच काढत आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा चढवत. ज्यांनी तसे केले नाही त्यांना कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसत बसावे लागे. वारंवार ओल धरलेल्या कॅपवर कोळशाची केसासारखी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे विजेने पाडलेली पायवाट. एकदा पडली की कॅप बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

याच काळात सार्वजनिक वाहतुकीचे रूप बदलले. विदर्भ १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र झाल्यावर, १९६१ मध्ये, राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले आणि विदर्भातली प्रॉव्हिन्शियल ट्रान्सपोर्टची सेवा त्यात सामावली. भंडारा विभागाखाली पुढे तिरोड्यालाही आगार झाले. एसटीची बस, ट्रक, राइस मिलचे इंजिन, शेतातला पंप आणि काळीपिवळी जीप असे सगळे जसजसे डिझेलवर गेले, तसा 'करंट की पेट्रोल' हा प्रश्न अर्ध्यावर आला. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे चालता चालता बंद पडलेल्या डिझेल गाडीत बहुधा एकच शोध घ्यायचा असतो: डिझेल का पोचत नाही?

त्याचे नेहमीचे उत्तर 'एअर घेतली' असे असे. टाकी कोरडी पडली, फिल्टरचे वॉशर चेपले किंवा पाइपाला केसभर चीर गेली की लाइनीत हवा शिरते. पेट्रोल गाडीत टाकी भरली की काम भागते, डिझेलमध्ये भागत नाही. हवा दबते, डिझेल दबत नाही, म्हणून इंजेक्शन पंपाचा सगळा जोर बुडबुडा दाबण्यात जातो आणि इंजेक्टर उघडतच नाही. एअर काढण्याची रीत ठरलेली आहे. आधी फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे ढिला करायचा आणि हातपंप मारत राहायचे. प्रथम फेस येतो, मग फुटकळ बुडबुडे, मग काचेसारखी सलग धार. धार सलग झाली की पंप न थांबवता बोल्ट आवळायचा. तेच पंपावरच्या बोल्टला, आणि शेवटी सेल्फ मारत इंजेक्टरच्या नटांना. ट्रकवर क्लीनर म्हणून लागलेल्या पोराला स्टिअरिंग हाती येण्याच्या कितीतरी आधी हे काम येत असे.

कोणी कोणाला शिकवले, हा या इतिहासातला फारसा न लिहिला गेलेला भाग आहे. केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ मध्ये आला, आणि आयटीआयमधून मोटार मेकॅनिक व डिझेल मेकॅनिक हे ट्रेड शिकवले जाऊ लागले. तरी खेड्यापाड्यांतल्या बहुतेक मिस्त्र्यांची शाळा म्हणजे दुसऱ्या मिस्त्रीचे गॅरेज. दहा-अकराचा पाना मागितला की तो न बघता हातात देणे हा पहिला धडा, भाग रॉकेलमध्ये धुणे हा दुसरा. पाइपाने तोंडाने पेट्रोल ओढण्याचे घातक कामही या पोरांच्याच वाट्याला येई आणि घोटभर पेट्रोल पोटात गेलेली पोरे आजारी पडत. ज्ञान असे हातातून हातात गेले. म्हणूनच त्याला मराठीत पुस्तके थोडी, आणि शब्द मात्र पुष्कळ मिळाले.

मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली. सुरुवातीला तिच्यातही कार्बोरेटर होता, त्यामुळे जुनी विद्या चालून गेली. खरा बदल २००० च्या सुमारास झाला. प्रदूषणाचे भारत स्टेज निकष आले, कार्बोरेटर गेला आणि प्रत्येक सिलिंडराला वेगळे पेट्रोल फवारणारे एमपीएफआय इंजेक्शन आले. डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, कंडेन्सर ही पूर्ण साखळीच नाहीशी झाली. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत गेला. ठिणगी केव्हा आणि पेट्रोल किती, हे आता ईसीएम हे इंजिनाचे संगणकी यंत्र ठरवते, आणि ते ठरवते क्रँकशाफ्टचे फिरणे टिपणाऱ्या क्रँक सेन्सरकडून येणाऱ्या खुणांवरून.

तपासणीचा प्रश्न मात्र बदलला नाही. चावी 'ऑन'ला फिरवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घूं असा आवाज यायला हवा. तो पंप दाब भरत असल्याचा आवाज. आवाज नसेल तर फ्यूज, रिले, मग पंप. टाकी सतत रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांचा पंप लवकर जळतो, कारण भोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. आवाज असेल आणि इंजिन पेटत नसेल तर ठिणगी. डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही, आणि बॉनेट उघडण्याआधी दुसरी चावी लावून पाहावी. सेल्फ मारल्यावर नुसतेच 'कट्-कट्' झाले तर करंट पुरत नाही: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला. धक्का मारून चालू करण्याचा जुना उपायही दुबळा झाला. थोडीशी उतरलेली बॅटरी असेल तर तो चालतो. पूर्ण मेलेली असेल तर पंप आणि ईसीएम दोन्ही झोपलेले असतात, मग कितीही ढकला.

गरम झाली की बंद, गार झाली की चालू, हा जुना आजारही नव्या जागी राहायला आला. क्रँक सेन्सरच्या आत केसासारख्या तारेची गुंडाळी असते. ती तापून सुटली की ईसीएमला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही, आणि ते ठिणगी व पेट्रोल दोन्ही थांबवते. कॉइलचे दुखणे नेमके हेच होते. त्यावरची परीक्षाही ओळखीची आहे. गाडी बंद पडताच सेन्सरवर थोडे पाणी ओतून पाहतात. लगेच चालू झाली तर दोष सापडला.

भारत स्टेज ४ बरोबर गाड्यांत स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा आली आणि २०१३ पासून तिचे अधिक कडक रूप लागू झाले. स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर लावला की पी ०३३५ सारखा कोड दिसतो. त्याचा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. सेन्सरच बिघडला असे त्यात म्हटलेले नसते. वायर तुटली असेल, सॉकेटला गंज चढला असेल, तरी कोड तोच. इथे धंद्याचे दोन भाग झालेले दिसतात. एक कोड वाचून सरळ भाग बदलतो, आणि ग्राहक हजारो रुपये देऊन त्याच जागी पुन्हा बंद पडतो. दुसरा कोडपासून सुरुवात करून वायर हाताने चाचपत जातो. धानाची गोदामे आणि घरात पोती असलेल्या गावात उंदीर रात्रीतून वायर कुरतडतात, आणि असा बिघाड स्कॅनर दाखवतो तो भलत्याच नावाने.

तिरोड्याच्या बाजूने नागझिरा अभयारण्यात जाणाऱ्या मंगेझरी आणि चोरखमारा प्रवेशद्वारांवर दोन्ही पिढ्यांची विद्या एकत्र लागते. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. सफारीतल्या मारुती जिप्सी पेट्रोलच्या. जुन्या कार्बोरेटरच्या, नंतरच्या इंजेक्शनच्या. जंगलात गाडीतून उतरायला मनाई असते. त्यामुळे तपासणी सकाळी फाटकाबाहेरच उरकावी लागते: टर्मिनल, पट्टा, टाकीतले पेट्रोल, पंपाचा आवाज.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला आणि गाड्यांवर एमएच ३५ आले. २०१२ ते २०१४ या काळात तिरोड्यात ६६० मेगावॉटचे पाच संच असलेला ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प सुरू झाला. त्याबरोबर अवजड वाहने, भाड्याच्या कार आणि त्यांच्या दुरुस्तीचे कामही वाढले. पेट्रोलमधला इथेनॉलचा वाटा २० टक्क्यांवर गेल्याने एक जुना बिघाड नव्याने लक्षात ठेवावा लागतो. इथेनॉल ओल शोषते, आणि पाणी जास्त झाले की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळे बसते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी असलेली, अर्ध्या टाकीची गाडी याला सर्वांत आधी बळी पडते. तळाचे थोडे इंधन पारदर्शक बाटलीत काढून दोन थर दिसतात का हे पाहणे, ही त्यावरची साधी परीक्षा.

विजेवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल नाही आणि ठिणगीही नाही. तरी ती बंद पडते. पुष्कळदा त्याला मोठी बॅटरी कारण नसते. तिच्याखेरीज गाडीत १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असते. मोठ्या बॅटरीला मोटारशी जोडणारे स्विच याच लहान बॅटरीवर ओढले जातात. ती उतरली की शेकडो व्होल्टचा साठा भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही. म्हणून तिथेही पहिला हात लहान बॅटरीच्या टर्मिनलवर जातो: पकडून हलवून पाहायचे, सैल असेल तर दहाच्या पान्याने आवळायचे, क्षार असेल तर गरम पाण्याने धुऊन वर थोडे व्हॅसलीन लावायचे.